पौर्णिमेनंतरचा दिवस

सोरी बेट
१९ नोव्हेंबर २०२३
(चांद्र दहावा महिना, सातवा दिवस)

मीओक मावशीस,

इकडे खायच्या समुद्री शेवाळाचे पहिले ताव वाळायला लागले आहेत. अंगणं, भिंती, धक्क्यामागची मोकळी जागा, सगळीकडे चौकोनी काळ्या पानांच्या रांगा लागल्यात. वारा सुटला की सगळं बेट कुणीतरी पुस्तक चाळत असल्यासारखं वाजतं.

आमची भाषा तुम्हाला वाचता येत नाही म्हणून माझं पत्र तुम्हाला चिन बाई वाचून दाखवणार, हे कळल्यावर मी आधी लिहिलेलं फाडलं आणि पुन्हा बसले. त्यांच्या धुलाईच्या दुकानात, कपड्यांच्या वाफेत, दुसऱ्याच्या आवाजात माझी वाक्यं तुमच्यापर्यंत येणार, म्हणजे ती नीट हवीत. चिन बाई, तुम्हालाही नमस्कार. कुठे अक्षर लागलं नाही तर दोष माझा. आमच्या बेटावरची शाळा मुलंच न उरल्याने बंद पडली होती. नऊ वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले, वाचणं आईकडून आणि मोजणं आजीकडून. आईने शिकवलं, लिहिलेलं पुसलं तरी खूण राहते, म्हणून आधी विचार करायचा. त्यामुळे मी विचार फार करते आणि लिहिते कमी, असं घरात सगळे म्हणतात.

मी धक्क्यावर बोटीची तिकिटं देते. ओळखपत्र बघितल्याशिवाय तिकीट द्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी आजीकडूनही ते मागते. मागे तिने खिडकीत तोंड घालून रांगेला ऐकू जाईल असं विचारलं होतं, “तुझे लंगोट कुणी धुतले, त्याचा दाखला आणू का?” शेवटी तिने कार्ड काढून दाखवलं. मी तिकीट दिलं.

तुम्ही विचारलंत, बाळ पोटात असताना पडतं म्हणतात ते स्वप्न तुमच्या वेळेला तुमच्या आईला पडलं होतं का. पडलं होतं. माझ्या वेळेला भोपळा दिसला होता, त्यावरून अजून माझी चेष्टा चालते. तुमच्या वेळेला आजीला समुद्राच्या तळाशी पेटलेला कंदील दिसला. ती बुडी मारून खाली गेली, कंदील उचलून वर आली, आणि तो विझला नाही. पाण्यात कंदील कसा पेटेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, “स्वप्नं काय तुझ्या खिडकीत कार्ड दाखवून येतात?”

आता पासपोर्टाविषयी. तुम्ही लिहिलेलं मला नीट समजलं आहे ना, हे बघायला मी ते माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर सांगा. तुम्ही तीन वर्षांच्या असताना अमेरिकेतल्या नवरा-बायकोने तुम्हाला दत्तक घेतलं. शाळा, नोकरी, लग्न, दोन मुलगे, दरवर्षीचा कर, सगळं तिथेच झालं. मागच्या वर्षी, लाळेवरून रक्ताचे नातेवाईक शोधतात त्या तपासणीतून आमचा पत्ता लागला, तुम्ही आईला भेटायला निघालात, पासपोर्ट मागितलात, आणि तिथल्या माणसाने सांगितलं की तुम्ही त्या देशाच्या नागरिकच नाही. तुमच्या तिथल्या आईवडिलांचा एक अर्ज करायचा राहिला होता. कोर्टाने मूल आपलं म्हटलं म्हणजे देशानेही म्हटलं, असं त्यांना वाटलं. आता ते दोघेही नाहीत. पुढे तिथे कायदा झाला, आणि २७ फेब्रुवारी २००१ या दिवशी ज्या दत्तक मुलांना अठरा पूर्ण झाली नव्हती ती आपोआप नागरिक झाली. तुमच्या कागदावर जन्म १५ जानेवारी १९८३ आहे. सहा आठवड्यांनी तुम्ही मोठ्या ठरलात.

इथे मी चौकशी केली. तुम्ही गेल्यावर इथल्या दप्तरातून तुमचं नाव काढलं गेलं. म्हणजे इथून पुसलं आणि तिथे लिहिलं नाही. दुसऱ्या कुठल्या कागदावर तुम्ही देश सोडलात तर मुलांकडे परत जाता येईल याची हमी नाही, हे तुमच्या वकीलबाईंचं म्हणणं मी आजीला सांगितलेलं नाही. तुम्ही वसंतात येणार एवढंच तिला माहीत आहे. तिने तुमच्या खोलीच्या कागदी दारांना नवा कागद लावून घेतला.

आजी बरी आहे. थंडीने जरा खोकते.

तुमची भाची,
दान्बी


१७ डिसेंबर २०२३
(अकरावा महिना, पाचवा दिवस)

मीओक मावशीस,

वाऱ्यामुळे आज बोट नाही. समुद्र खालून कुणी चादर झटकतंय तसा हलतो आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आजी खोकते. तो खोकला नाही. तिच्या छातीत पाणी होतं, ते पलीकडच्या किनाऱ्यावर, येओसू शहरातल्या दवाखान्यात काढलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा बघतील. पुढच्या हिवाळ्याचं ते काही बोलले नाहीत. हे तुम्हाला न सांगणं बरोबर नाही असं वाटलं. सांगणंही बरोबर आहे का, ते मला कळत नाही.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

गेल्या आठवड्यात आजीच्या फोनवर बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. आजीचा वाढदिवस अजून महिनाभर लांब आहे. दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी ती म्हणते, “बँकेला चंद्र कुठे दिसतो?” आमच्या बेटावर सत्तरी ओलांडलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या कार्डावर चंद्राची तिथी सरकारी तारीख म्हणून बसलेली आहे. जन्म चंद्रावर सांगायचा, कारण भरती चंद्रावर, जाळी चंद्रावर, श्राद्धं चंद्रावर. नोंद करणाऱ्याने विचारलं नाही आणि सांगणाऱ्याला वेगळं काही असतं हे ठाऊक नव्हतं. मी रोज ती कार्डं बघते. रोज बघते म्हणूनच मला ते कधी दिसलं नसावं.

मी आजीला विचारलं, मावशीची जन्मतारीख दप्तरात कुणी सांगितली. आजोबांच्या थोरल्या भावाने, ती म्हणाली. काय सांगितलं? “काय सांगणार, पहिल्या महिन्याची पंधरावी. मोठी पौर्णिमा.”

मावशी, तुमचा जन्म १५ जानेवारीचा नाही. तो चंद्राच्या पहिल्या महिन्यातल्या पंधराव्या दिवसाचा आहे. मी जुनं पंचांग काढून ती कुठल्या तारखेला पडते ते तीन वेळा मोजलं. तीनही वेळा तेच आलं. २७ फेब्रुवारी १९८३.

आधी मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. सहा आठवडे भरून निघाले होते. मग दोन तारखा एकमेकींशेजारी दिसल्या. कायद्याचा सत्तावीस फेब्रुवारी आणि तुमचा सत्तावीस फेब्रुवारी. त्याच दिवशी तुम्हाला अठरा पूर्ण झाली. अशा माणसाला कायदा आत घेतो की बाहेर ठेवतो? वकीलबाईंना विचारा. उत्तर येईपर्यंत मी घरात कुणाला काही सांगणार नाही. आईला सांगितलं आहे, कारण हाक मारून झाली होती.

दान्बी


१४ जानेवारी २०२४
(बारावा महिना, चौथा दिवस)

मीओक मावशीस,

तुमचं पत्र आलं. अठरा पूर्ण झालेली नसायला हवीत, त्या दिवशी झाली तर ती झालीच, असं वकीलबाई म्हणतात. एका दिवसाने.

तुम्ही लिहिलंत, “सहा आठवडे होते तेव्हा बरं होतं.” ते वाचून मी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. पाणी ओसरत होतं. ओसरणारं पाणी खडकाला सोडताना एकदम सोडत नाही, थोडं मागे जातं, परत येऊन हात लावून बघतं. मी बराच वेळ तेच बघत राहिले आणि तिकिटाची खिडकी उशिरा उघडली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी आले तर आईने आजीला सगळं सांगून टाकलेलं होतं. आईचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. ती सहा वर्षांची असताना तुम्ही गेलात, आणि तेव्हापासून ती घरातल्या प्रत्येक गोष्टीवर जरा रागावलेली आहे असं मला वाटतं. मासे साफ करता करता तिने आजीला सांगितलं की तुझ्या मुलीचं येणं अवघड आहे, एक दिवस कमी पडतोय. आजीने भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही भिंतीकडेच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा भिंतीशीच बोलावं तशी म्हणाली, “पौर्णिमेला नाही झाली ती. दुसऱ्या दिवशी झाली.”

सोळावी म्हणजे अठ्ठावीस फेब्रुवारी. म्हणजे कायद्याच्या दिवशी तुम्ही सतराच वर्षांच्या होतात, म्हणजे गेली तेवीस वर्षं तुम्ही त्या देशाच्या नागरिकच होतात आणि कुणालाच ते माहीत नव्हतं.

मावशी, हे वाचून तुम्हाला जे वाटेल ते मला वाटू शकलं नाही. मला वाटलं, आजी खोटं बोलते आहे. एक दिवस कमी पडतो हे ऐकल्यावर तीन दिवसांत एक दिवस सापडला. कुठलीही आई शोधेल. मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं पौर्णिमा का सांगितलीस. ती म्हणाली, “झोप येतेय मला.” सकाळचे नऊ वाजले होते.

यावरून आईचं आणि माझं भांडण झालं. आई म्हणाली, “म्हातारी सांगतेय ना? लिही आणि टाक पेटीत. तू काय तिकीट खिडकीत बसतेस की न्यायाधीशाच्या खुर्चीत?” मी म्हटलं, खोटं ठरलं तर मावशीचं पुढचं खरंही कुणी मानणार नाही. आई म्हणाली, “आपल्या माणसावर विश्वास ठेवायला तुला कार्ड लागतं.” आणि भाताचं भांडं जोरात ठेवलं. ते जोरात ठेवणं बरोबर होतं असं मला नंतर वाटलं. पण माझं म्हणणंही मला चूक वाटत नाही.

वकीलबाईंना विचाराल का, आजीने शपथेवर सांगितलं तर चालेल? आणखी काय लागेल? मी अजून काहीच लिहून घेतलेलं नाही.

दान्बी


२५ फेब्रुवारी २०२४
(पहिला महिना, सोळावा दिवस)

मीओक मावशीस,

आज भुतांचा दिवस. बेटावरची दारं बंद आहेत. आमच्या उंबऱ्यावरच्या चपला आईने आत आणून पालथ्या ठेवल्यात, नाहीतर भूत येऊन एकेक घालून बघतं आणि जिचं माप बसेल तिच्या मालकाचं वर्ष खराब जातं. दाराला चाळण टांगली आहे. भूत भोकं मोजत बसतं आणि मोजता मोजता उजाडतं. तरुण पोरं आता हे मानत नाहीत. मीही मानत नाही, पण आज बाहेर पडले नाही.

काल पौर्णिमा होती. वाळूवर पाइनच्या फांद्यांचं आणि बांबूचं चंद्रघर रचलं होतं. चंद्र पाण्यातून वर आला तसं ते पेटवलं. बांबू फुटायला लागले, म्हाताऱ्या बाया हात चोळत काहीतरी पुटपुटायला लागल्या, आणि धुरातून बघताना चंद्र पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. आजी आली नाही. तिला आता उंबऱ्यापर्यंतच येता येतं.

वकीलबाईंचं म्हणणं तुमच्या पत्रातून कळलं. तारीख दुरुस्त करायला कोर्टात जावं लागेल. आजीचं शपथेवरचं सांगणं लागेल, जिवंत असेल तर दुसरा साक्षीदार लागेल, आणि मुख्य म्हणजे खोटा दिवस का सांगितला ते कारण लागेल. कारणाशिवाय कुणी मानणार नाही.

काल दुपारी, चंद्रघर रचत होते तेव्हा, मी तॉक्सून आजींकडे गेले. त्या आता आमच्या वरच्या चढावर राहतात, पूर्वी वाळूच्या पलीकडे राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि बेटावर कुणाशी पटत नाही म्हणून प्रसिद्ध आहेत. पासपोर्ट, कायदा, एक दिवस, यातलं मी एक अक्षर काढलं नाही. फक्त म्हटलं, मावशीच्या जन्माच्या वेळी तुम्ही होतात असं ऐकलं, मला सांगा.

त्या सोललेला लसूण भांड्यात टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आजीने मला गप्प बसायला सांगितलंय. चाळीस वर्षं बसलेय. माझ्यासारखीला गप्प बसवणं म्हणजे काय, ते विचार बेटाला.”

मी म्हटलं, मग नका सांगू. मी उठायला लागले. खरंच उठत होते, युक्ती नव्हती.

“बस,” त्या म्हणाल्या, आणि मोजा काढून पाय माझ्यासमोर धरला. तळव्यावर टाचेजवळ चकचकीत पांढरा डाग होता, जुन्या भाजल्याचा. तुझी आजी ओरडत होती, त्या सांगत होत्या, तुझा आजोबा समुद्रावर, तिची सासू थोरल्या मुलाकडे. मी निघाले तर उंबऱ्यावर चप्पल नाही, सगळ्या आत माळ्यावर टाकलेल्या. तशीच अनवाणी धावले. वाळूवरून जवळचा रस्ता. आदल्या संध्याकाळचं चंद्रघर विझलंय असं वाटलं, वरून सगळी राख. पाय आत गेला. “एका पायावर उभी राहून ओढली तुझ्या मावशीला. आणि आभार म्हणून काय मिळालं, तर ‘कुणाला सांगू नकोस’.”

मावशी, चंद्रघर पंधरावीच्या संध्याकाळी पेटतं. राखेत पाय भाजला म्हणजे ते जळून गेलेलं होतं, आणि चपला आत घेतात त्या फक्त सोळावीला. आणि त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मी दोनदा नीट आठवून बघितलं, काहीही सांगितलं नव्हतं.

चिन बाई, इथून पुढचं वाचण्याआधी दुकानाचं दार लावता आलं तर लावा. मावशीला बसायला द्या. आणि सावकाश वाचा.

मी खाली आले आणि आजीला म्हटलं, मी तॉक्सून आजींचा पाय बघितला. ती हसली. “अजून दाखवते का सगळ्यांना?” मग तिने सांगितलं. मी तिच्या शब्दांत लिहिते आहे, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर मी ते मऊ करीन.

भुतांच्या दिवशी जन्मलेली मुलगी घरातलं माणूस खाते, असं तेव्हा मानत. आजीही मानायची. पंधरावीला सगळं बेट वाळूवर होतं, सोळावीला सगळं बेट दार लावून आत, सतरावीला सगळे बाहेर आले तेव्हा तिच्या कुशीत बाळ होतं. कधी झाली, असं सासूने विचारलं. “पौर्णिमेला, तुम्ही सगळे आगीपाशी होतात तेव्हा.” सगळ्यांना आनंद झाला, मोठ्या चंद्राची मुलगी म्हणून. इतकं सोपं होतं. तुम्ही अडीच वर्षांच्या असताना आजोबांची बोट परत आली नाही. घरातले सगळे समुद्राला शिव्या देत होते. आजी गप्प होती, कारण घरात एकट्या तिला खरा दिवस माहीत होता. मग आजोबांच्या थोरल्या भावाने सांगितलं की येओसूत एक ऑफिस आहे, पोरींना अमेरिकेत शिकायला पाठवतात, मोठ्या होऊन परत येतात. “मी हो म्हटलं नाही,” आजी म्हणाली. “पण नको पण म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच बाहेर आलं असतं.”

मी विचारलं, तुला तिची भीती वाटत होती, की तिच्यासाठी?

“एकाच भांड्यात शिजत होतं दोन्ही. वेगळं काय काढून दाखवू तुला?”

मावशी, ज्या गोष्टीने तुम्हाला पासपोर्ट मिळेल तीच ही गोष्ट आहे. मी सकाळपासून एकीतून दुसरी वगळता येईल का ते बघत होते. नुसतं ‘लोक अशुभ मानत म्हणून दिवस बदलला’ एवढंच कोर्टाला पुरेल, बाकीचं तुम्हाला सांगायची गरज नाही, असं आईने सुचवलं. भांडून नाही, हळू आवाजात. मलाही ते पटत होतं. आजोबा, बोट, गप्प बसणं हे सगळं न लिहिता मी एक पत्र लिहिलंसुद्धा. ते चांगलं झालं होतं. मी ते आजीला वाचून दाखवलं.

तिने पूर्ण ऐकलं. बाहेर चाळण वाऱ्याने दाराला लागत होती. मग ती म्हणाली, “हे कुणा दुसऱ्या बाईचं आहे. माझं लिही.”

मी म्हटलं, आजी, ती रागावेल. कदाचित कधीच येणार नाही.

आजी उठून बसली. तिला उठवायला मी पुढे झाले तर तिने हात बाजूला केला आणि स्वतःच भिंतीला टेकली. म्हणाली, “चाळीस वर्षं ती कुणावर रागवायचं ते न कळता रागावली असेल. आता पत्ता दे तिला. कागद दे, बोटीचं तिकीट दे. पोरीला रागवायचंय ना, मग इथे येऊन रागावू दे. मी कुठे जात नाही.”

हे मी शपथेच्या कागदात घातलेलं नाही. तिथे फक्त दिवस, राख, पाय, सासू आणि आजीचं गप्प बसणं आहे. तो कागद उद्या सकाळच्या बोटीने सही-शिक्क्यासाठी येओसूला जाईल. सही करायला आजीही बोटीत बसणार आहे. डॉक्टरांनी नको म्हटलं आहे.

तॉक्सून आजीही येतात. रस्त्यात मोजा काढू नका, असं आईने त्यांना बजावलं आहे.

दान्बी